वकिलाची लाज

“कुत्र्याला लाज वाटते का हो, डॉक्टर?”

प्रश्न विचारून तिने माइक असा झोकात खाली केला, जणू मैफलच संपवली. सभागृहाच्या तिसऱ्या रांगेत चष्मा आणि खडू या तिच्या दोन जिवलग मैत्रिणी एकमेकींना चापट्या मारत खिदळत होत्या. पैज त्यांचीच होती. “हिंमत असेल तर सगळ्या शाळेसमोर विचार,” चष्मा म्हणाली होती, आणि खडूने वर फोडणी दिली होती, “नुसतं विचारायचं नाही हं, करूनही दाखवायचं.” गेल्या वर्षीपर्यंत हजेरीला ‘हजर’ म्हणतानाही जिचा आवाज घशात बसायचा, ती आता असल्या पैजा चॉकलेटसारख्या चघळायची. मैत्रिणींनी तिचं नाव भोंगा ठेवलं होतं आणि भोंगा ते नाव पदकासारखं छातीवर मिरवायची.

त्या दिवशी शाळेत पाळीव प्राण्यांची तपासणी होती. ज्यांच्या घरी प्राणी आहेत त्यांनी ते आणायचे, जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी तपासायचे आणि मुलांनी प्रश्न विचारायचे. आतापर्यंत एक कासव, दोन मांजरं आणि एक चावरा पोपट होऊन गेला होता. प्रश्न सगळे ‘हा काय खातो’ छापाचे. भोंग्याच्या प्रश्नाने मागच्या रांगांची झोप उडाली.

“तुला काय वाटतं?” डॉक्टरीणबाईंनी उलट विचारलं.

“मला वाटतं, वाटते! म्हणजे आमच्या वकिलाला तरी वाटतेच. दाखवू?”

आणि उत्तराची वाट न बघता ती त्याला घेऊन स्टेजवर चढलीसुद्धा.

वकील हा तिचा कुत्रा. अंगावर काळा झुबकेदार कोट आणि गळ्याखाली पांढरीशुभ्र पट्टी. पिल्लू घरी आलं त्या दिवशी बाबा म्हणाले होते, “हे साहेब थेट कोर्टातून आलेले दिसतात,” आणि तेच नाव पडलं. जगातला हा एकमेव वकील असेल जो स्वतःची बाजू कधीच मांडत नाही, असंही बाबा म्हणायचे आणि सगळे हसायचे.

भोंग्याने एका हातात माइक धरला. दुसरा हात स्कर्टच्या खिशात घातला. मग आवाज खास भारदस्त करून म्हणाली, “वकील! लाज नाही वाटत?”

वकिलाचे कान एकदम डोक्याला चिकटले. शेपूट पोटाखाली गेलं. तो हळूहळू जमिनीशी सपाट झाला, मान बाजूला वळवली, डोळ्यांची पांढरी कड दाखवत वर एकदा पाहिलं आणि पुढचा पंजा उचलून नाकावर ठेवला. सभागृह हशाने दणाणलं. टाळ्या, शिट्ट्या, बाकं बडवणं. मुख्याध्यापक रुमालाने डोळे पुसत होते. भोंगा वाकून नमस्कार करत होती आणि तिचा आनंद गगनात मावत नव्हता.

डॉक्टरीणबाई मात्र हसल्या नाहीत. त्या वकिलाजवळ उकिडव्या बसल्या, त्याच्याकडे न बघता थोडा वेळ तशाच राहिल्या, आणि मग भोंग्याला म्हणाल्या, “खिशातला हात बाहेर काढ बघू.”

हात बाहेर आला. हातात खटक्याची एक पितळी कडी होती.

“ही कशाची?” त्यांनी ती काढून घेत विचारलं.

“साखळीची.”

“कुठल्या साखळीची?”

“बाल्कनीतल्या.” मग आपण काय बोलतोय हे कळायच्या आत, नेहमीच्या उत्साहात तिने पुढचंही सांगून टाकलं. “नुसतं बोललं की तो अर्धवटच करतो. कडी वाजवली की पूर्ण करतो, पंजाबिंजा. तो चुकला ना, की बाबा त्याला तिथे बांधतात. थोडाच वेळ हं!”

माइक चालू होता. ‘थोडाच वेळ हं’ हे शब्द सभागृहाच्या भिंतींना आपटून परत आले.

“तुझा प्रश्न चांगला आहे,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. आवाज अजिबात चढलेला नव्हता, त्यामुळे जास्तच ऐकू गेला. “लाज वाटायला आपलं काय चुकलं ते कळावं लागतं. याला ते कळलेलं नाही. याला एवढंच माहीत आहे, की हे शब्द आले की आपली माणसं आपल्याला घराबाहेर ठेवतात. तो म्हणतोय, नका ना ठेवू. याला लाज म्हणत नाहीत, बाळा. भीती म्हणतात.”

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मागून कुणीतरी ‘अरेरे’ म्हणालं. ते ‘अरेरे’ तिच्यासाठी नव्हतं, कुत्र्यासाठी होतं, आणि त्याने तिच्या कानांच्या पाळ्या पेटल्या. स्टेजच्या पायऱ्या उतरताना तिला पहिल्यांदाच जाणवलं की आपले बूट फार वाजतात.

बाहेर व्हरांड्यात चष्मा तिच्या गळ्यात पडली. “जाऊ दे गं, त्या बाईंना विनोदच कळत नाही.”

“क्लिप कसली भारी आलीये पण,” खडू मोबाईल नाचवत म्हणाली. “वार्षिक कार्यक्रमात तर धमाल होणार!”

वार्षिक कार्यक्रमात शेवटचा नंबर भोंगा आणि वकिलाचा होता. फलकावर तसं लिहूनही झालं होतं, वकिलाचं चित्र खुद्द चित्रकलेच्या बाईंनी काढलं होतं. काल ते चित्र बघून भोंगा हवेत तरंगत होती. आज तिने त्याच्याकडे पाठ केली. “बघू,” एवढंच म्हणाली. ‘बघू’ हा शब्द भोंग्याच्या तोंडून ऐकायची मैत्रिणींना सवय नव्हती.

तेवढ्यात डॉक्टरीणबाईंनी तिला तपासणीच्या टेबलाशी बोलावलं. ती मान खाली घालून गेली. आता आणखी बोलणी बसणार, असंच तिला वाटलं. पण बाई वकिलाच्या कानामागे बोटं घालून चाचपत होत्या.

“विंचरतेस का याला?”

“आंघोळ घालतो ना आम्ही.”

“आंघोळ नाही विचारली.” त्यांनी कानामागचा नमद्यासारखा घट्ट झालेला गुंता दाखवला. तसलाच मांड्यांच्या मागेही होता. “याच्या अंगावर दोन कोट असतात. वरचे हे लांब केस, आणि आत बारीक लोकर. आतली लोकर रोज मोकळी केली नाही तर अशा गुठळ्या होतात आणि कातडी ओढली जाते. दुखतं.”

“आई म्हणते उन्हाळ्यात सगळे केस भादरून टाकू.”

“अजिबात नाही. तो कोट ऊनही अडवतो आणि थंडीही. फक्त विंचरायचा.” मग त्यांनी विचारलं, “हा चुकतो म्हणजे नक्की करतो काय?”

भोंग्याने पुटपुटत सांगितलं. पाहुणे आले की वकील त्यांच्या मुलांभोवती गोल गोल फिरतो. मावशीची जुळी तर त्याने सोफ्याच्या कोपऱ्यात कोंडली होती आणि समोर टक लावून बसला होता; एकाने पळायचा प्रयत्न केला तर टाचेला हळूच दात लावले होते. दारातल्या चपला-बूट उचलून रोज स्वयंपाकघरात आईच्या पायाशी गोळा करतो.

डॉक्टरीणबाई आता हसल्या. “अगं, हा चुकत नाहीये, नोकरी करतोय. तीही बिनपगारी! बॉर्डर कॉली आहे हा, मेंढ्या राखणाऱ्या जातीचा. विखुरलेलं गोळा करायचं, पळणाऱ्याला वळवायचं, नजरेने धाक ठेवायचा आणि सगळं आपल्या माणसापुढे आणून ठेवायचं, हे याच्या रक्तात आहे. मेंढ्या नाहीत तर जुळी, जुळी नाहीत तर चपला.” कडी त्यांनी तिच्या हातात परत दिली. “आणि या जातीचे कान फार हळवे असतात. लांबच्या माळावरून घातलेली शिट्टी ऐकून काम करणारी ही कुत्री. तुमचं साधं बोलणं त्याला ओरडणं वाटतं, आणि ओरडणं म्हणजे छत कोसळणं. एकदा त्याला मेंढ्या दाखवून आण. शहराबाहेर माझ्या ओळखीच्या एक बाई आहेत, मेंढ्या पाळतात. मी फोन करते.”

भोंगा ‘हो’ म्हणाली. घरी जाताना तिने, रोज फिरवताना ओढते तशी, त्याची दोरी ओढली नाही. वकील मात्र रोजच्यासारखाच तिच्या पायांभोवती अर्धगोल घालत, तिला फुटपाथच्या आतल्या बाजूला वळवत चालला होता. फिरून येताना हा आपल्याला रोज असा सांभाळून घरी आणतो, हे तिच्या आज लक्षात आलं, आणि त्याच्याकडे बघवेना.

घर तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्या आणि एक बाल्कनी. आई रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत रक्त तपासायची. बाबांची गाडी शिकवण्याची शाळा होती, तीही एका गाडीची. दिवसभर ते शिकाऊ माणसाच्या शेजारी, पायाशी जादा ब्रेक घेऊन जीव मुठीत धरून बसायचे. शिकणाऱ्यावर ओरडलं तर गिऱ्हाईक जातं. मग सगळा राग खिडकीबाहेर. ‘लाज नाही वाटत? इंडिकेटर काय शोभेला लावलाय?’ घरी आल्यावरही जीभ त्याच गिअरमध्ये अडकलेली असायची.

त्या संध्याकाळी भोंगा जेवणाच्या टेबलाशी गप्प बसून नुसती ऐकत होती.

“आज एकाने वळणावर ओव्हरटेक केलं,” बाबा पोळी मोडत म्हणाले. “काच खाली करून म्हटलं, लाज नाही वाटत?”

टेबलाखालून वकील उठला. कान पाडून, भिंतीच्या कडेकडेने बाल्कनीत गेला आणि साखळीच्या हुकाखाली जाऊन बसला. कुणी पाठवलं नव्हतं. कुणी त्याच्याकडे पाहिलंही नव्हतं. थोड्या वेळाने तो चाहूल घेत परत आला, टेबलाखाली शिरला, आणि आई म्हणाली, “आमच्याकडे तर बाटल्यांवर नावाच्या पट्ट्या उलट्या चिकटवून पाठवतात. लाज नाही वाटत या लोकांना!”

वकील पुन्हा उठला.

भोंग्याने हातातला घास परत ताटात ठेवला. रस्त्यावरच्या उर्मट चालकांची, रुग्णालयातल्या वेंधळ्यांची, टीव्हीवर भांडणाऱ्यांची, साऱ्या जगाची शिक्षा हा प्राणी रोज निमूट भोगत होता. आणि आजवर तिला हे दिसलं कसं नाही? दिसलं असतं तर? खोटं कशाला बोलायचं, दिसलं असतं तर तिने त्याचीही क्लिप काढली असती.

या विचाराने तिला इतकं ओशाळवाणं झालं, की ती ताटावरून उठली आणि वकिलाशेजारी बाल्कनीत जाऊन बसली. आई-बाबा मागोमाग आले. तिने हलक्या आवाजात, तो शब्द न उच्चारता, शाळेत काय झालं ते सांगितलं. कडीचंही सांगितलं.

बाबांनी आधी हसण्यावारी न्यायचा प्रयत्न केला. “म्हणजे आता आम्ही घरात लाज सोडायची म्हणतेस?”

“तुम्ही ती कधीच सोडलीत,” आई म्हणाली.

“श्श! तो शब्दच नका काढू!”

दोघंही चपापले. वकील दोघांकडे आळीपाळीने बघत होता, पंजा अर्धवट उचललेला. बाबांचं हसू हळूहळू विरलं. “मी कधी हात नाही उगारला गं त्याच्यावर,” ते म्हणाले.

“माहितीये, बाबा.”

“मला वाटायचं त्याला कळतंय. चेहरा बघितलास ना त्याचा? अगदी आपल्यासारखा.” मग पेचकस आणून त्यांनी भिंतीतला हुक काढला. भोक राहिलं, त्यात त्यांनी उगाचच बोट घालून पाहिलं.

पुढचा आठवडाभर त्या घरात मोठी कसरत चालली. सवयीने ‘ला’ बाहेर पडायचं आणि मग ब्रेक लागायचा. बाबा बातम्या बघताना ओरडायचे, “ला... लाल दिवा दिसत नाही का यांना?” आणि बातमी असायची क्रिकेटची. आई फोनवर म्हणायची, “ला... लाख वेळा सांगितलंय मी त्यांना.” भोंगा पोलिसासारखी पहारा द्यायची. कुणाच्या ओठांची हालचाल ‘ल’च्या दिशेने झाली की बोट उगारायची. रोज शाळेतून आली की वकिलाला पुढ्यात घेऊन दातेरी फणीने त्याचा आतला कोट सोडवायची. लोकरीचे ढीग निघायचे. “यात आणखी एक वकील होईल,” आई केस झाडत कुरकुरायची, पण फणी तिनेच आणली होती.

आणि हे सगळं करताना भोंग्याला आतून जरा बरं वाटू लागलं होतं. फार लवकर वाटू लागलं होतं. आपण सुधारलो, असं तिने ठरवूनही टाकलं. मैत्रिणींनी विचारलं, “कार्यक्रमाचं काय?” तर म्हणाली, “त्याहून भारी दाखवणार आहे. थांबा फक्त.” डोक्यात चित्र तयार होतं: मोठ्या पडद्यावर वकील मेंढ्या वळवतोय, आणि खाली स्टेजवर माइक घेऊन ती.

रविवारी सगळे निघाले. बाबांच्या शिकवण्याच्याच गाडीने, त्यामुळे छतावर फलक आणि आईच्या पायाशी जादा ब्रेक. आई तो अधूनमधून दाबायची. शहर संपेपर्यंत तीन गाड्या आडव्या घुसल्या, पण बाबांनी ओठ असे आवळून धरले, जणू तोंडात खिळे धरलेत. वकील मागच्या सीटवर खिडकीत नाक घालून होता. भोंग्याला बाबांचा अभिमान वाटला.

मेंढ्यांच्या बाई दारातच उभ्या होत्या. उंच, धिप्पाड, गमबूट घातलेल्या, आणि आवाज एवढा बारीक की तिघांनाही पुढे वाकावं लागलं. कुत्र्यांबरोबर वर्षं काढून त्यांचा आवाजच खाली बसला होता. फुशारकीसुद्धा त्या कुजबुजत मारायच्या. “या भागात माझ्याइतकं कुत्रं कुणाला कळत नाही,” त्या बाबांच्या कानात गुपित सांगावं तसं म्हणाल्या. “विचारा कुणालाही.”

त्यांची स्वतःची कुत्री जीपखाली पडली होती. तोंड पांढरं झालेलं, एक डोळा दुधाळ. “आमची म्हातारी. आता तिला मेंढी आणि दगड यातला फरक दिसत नाही. परवा तासभर एका दगडावर पहारा देत होती.”

गोल कुंपणाच्या आत पाच-सहा मेंढ्या होत्या. बाईंनी वकिलाची दोरी काढली आणि फाटक लोटून घेतलं. “कुणी काही बोलायचं नाही,” त्या म्हणाल्या. “त्याला आधी स्वतःशी बोलू द्या.”

वकील क्षणभर तिथेच उभा राहिला. मग खाली झाला. भोंग्याने कुंपण घट्ट धरलं, कारण अंग तसंच जमिनीलगत गेलं होतं, मान तशीच खाली. पण नाही, हे ते नव्हतं. कान पुढे रोखलेले होते. डोळे स्थिर. शेपूट खाली पण सैल. तो एकेक पाऊल असा टाकत होता, जणू जमीन काचेची आहे. मेंढ्यांनी माना वर केल्या, एकमेकींना चिकटल्या. वकील डावीकडून लांब वळसा घेत गेला, मेंढ्या वळल्या, तो थांबला, त्या थांबल्या. कुणी शिकवलं नव्हतं त्याला. दोन खोल्यांच्या घरात जुळ्यांवर आणि चपलांवर त्याने हे गिरवलं होतं.

आईने बाबांचं मनगट धरलं. बाबांच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ते बघून भोंगाही विरघळली. हा आपला कुत्रा! तिने मोबाईल वर धरला. बटण दाबलं. आणि मोबाईल वर धरला की भोंग्याच्या गळ्यात जो आवाज आपोआप यायचा, तो आला.

“मित्रांनो, बघताय ना?” ती सुरू झाली. बाईंनी हात वर केला, पण भोंगा त्यांच्याकडे नाही, पडद्याकडे बघत होती. एक दांडगी मेंढी कळपातून वळली आणि वकिलासमोर पाय आपटून उभी राहिली. वकील थबकला, नजर तिच्यावर रोखून. “आणि आमच्या वकीलसाहेबांसमोर आलीये खडूस मेंढी! अरे वकील, मेंढीला घाबरतोस? लाज नाही वाटत?”

हसतच बोलली ती. प्रेमाने बोलली. आणि शेवटचा शब्द सुटायच्या आत तिला कळलं.

वकिलाचे कान पडले. नजर तुटली. दांडगी मेंढी त्याला ओलांडून पळाली, तिच्यामागे बाकीच्या चौफेर उधळल्या, आणि त्या धुळीतून तो सरपटत फाटकाशी आला. फाटकाच्या खांबाला एक साखळी लोंबत होती. तो बरोबर तिच्याखाली जाऊन आडवा झाला आणि पंजा नाकावर ठेवला. पडद्यावर सगळं नीट, अगदी मधोमध दिसत होतं.

“कोण बोललं?” बाई कुजबुजल्या.

“मी,” बाबा म्हणाले.

बाबांचा आवाज म्हणजे जुन्या ट्रकचा हॉर्न. तो आणि तिचा आवाज यांत बहिऱ्यालाही फरक कळला असता. बाईंनी बाबांकडे पाहिलं, मग भोंग्याकडे पाहिलं, आणि फाटक उघडून कुंपणाच्या आत गेल्या. भोंग्याला वाटलं, बाबांनी आपल्याला चारचौघांत थोबाडीत दिली असती तरी चाललं असतं.

“बाबा, तुम्ही कशाला...”

“शब्द माझेच आहेत गं,” बाबा म्हणाले. “तुझ्या तोंडी मीच बसवलेत.”

तिने मोबाईल खिशात टाकला. आठवडाभर बोट उगारत फिरणारी ती. बाबांनी तीन गाड्या आडव्या आल्या तरी गिळला होता तो शब्द, आणि तिने तो कुणीही न डिवचता, निव्वळ आनंदाच्या भरात, टाळ्यांसाठी बाहेर काढला होता. टाळ्या वाजवायला तिथे कुणी नसतानाही.

आत बाई वकिलाकडे पाठ करून जमिनीवर बसल्या होत्या. हाक नाही, चुचकारणं नाही. मेंढ्या शांत झाल्या, गवत हुंगू लागल्या. बऱ्याच वेळाने वकिलाने नाकावरचा पंजा काढला. आणखी बऱ्याच वेळाने उठला, बाईंची पाठ हुंगली. बाई उठून चालू लागल्या तसा तोही निघाला. आणि मग त्याचं अंग पुन्हा जमिनीलगत गेलं, या खेपेला कान पुढे. बाईंच्या ओठांतून हलकीशी शिट्टी आली. वकील वळला. दांडग्या मेंढीने पुन्हा पाय आपटला. वकील हलला नाही, फक्त बघत राहिला, आणि शेवटी मेंढीनेच तोंड फिरवलं. एकेक करत साऱ्या मेंढ्या त्याने बाईंच्या गमबुटांपाशी आणून उभ्या केल्या.

“हुशार आहे,” बाई कुंपणाशी येऊन म्हणाल्या. “माझ्या म्हातारीइतका नाही, पण होईल. मला एक हवाच आहे. मागत नाहीये हं, तुमचं घरचं लेकरू आहे. नुसतं सांगून ठेवते.”

“छे हो!” आई पटकन म्हणाली. याच आईने केसांवरून रोज कटकट केली होती. “आमच्याशिवाय जेवायचा नाही तो.”

“आणि आम्ही सांभाळून बोलू आणखी,” बाबा म्हणाले. “सवयच ती. जाईल हळूहळू. हो की नाही गं, पोरी?”

भोंगा कुंपणाच्या लाकडावर हात ठेवून उभी होती. वकील पलीकडे पाचेक पावलांवर धापा टाकत बसला होता, जीभ बाहेर, पांढरी पट्टी मातीने लाल झालेली. इतका खूश तिने त्याला कधी पाहिला नव्हता. त्याला जवळ बोलवावं, गळ्यात पडावं, चुकलं म्हणावं, म्हणून तिने तोंड उघडलं. अजून आवाज निघालाही नव्हता. नुसते ओठ विलग झाले, आणि वकिलाचा तिच्याकडचा एक कान, फक्त एकच, हळूच मागे डोक्याला चिकटला.

तिने तोंड मिटलं.

मग कुंपणापासून लांब, गाडीपर्यंत चालत गेली. आई-बाबा मागून आले. बाबांनी खिशातून किल्ली काढली. आईने दोरी हातात तयार धरली होती.

“आई, बाबा, मला सांगायचंय,” ती म्हणाली. इतक्या हळू, की दोघांनाही वाकावं लागलं. “वकील इथेच राहणार. तो येणार नाहीये आपल्याबरोबर.”

“अगं, पण...” आई म्हणाली.

“थांब ना आई, मला बोलू दे, नाहीतर रडेन. त्याची सवय जाईल, पण आपली जाईपर्यंत तो काय करेल? तुम्ही आठवडाभर सांभाळलंत. मला एक मिनिट नाही सांभाळता आलं. कार्यक्रमाचं मी बघते, शाळेत सांगते की आमचा नंबर रद्द करा.” तिने बाहीने नाक पुसलं. “आता गाडी काढा, बाबा. त्याची गादी, वाटी आणि फणी घेऊन आपल्याला अंधार पडायच्या आत परत यायचंय. उद्या नाही, आत्ता. उद्यापर्यंत थांबलात ना, तर मीच शब्द फिरवीन, मला माहितीये मी. म्हणून आत्ताच.”